उसना मिळालेला सलाम

बहुतेक नोकऱ्यांमध्ये मान हा वयाच्या मागून चालत येतो. बँकेत चिकटलेला मुलगा आधी काउंटरवर बसतो, चार गावच्या बदल्या भोगतो आणि डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, की मग कुठे त्याच्या नावाची पाटी दारावर लागते. शाळामास्तरांचा मोठेपणा त्यांचे विद्यार्थी मोठे झाल्यावर कळतो. घरातही निराळे नसते. सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या येईपर्यंत तिचेही केस पिकायला लागलेले असतात.

लष्करात मात्र हा क्रम उलटा आहे. तिथे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी मान मिळतो. बापाच्या वयाची माणसे त्याला पाहून ताठ उभी राहतात, सलाम ठोकतात. आपण असे काय केले म्हणून हा मान मिळाला, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला पुढे कित्येक वर्षे शोधावे लागते.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या अशाच एका तरुण लेफ्टनंटची ही गोष्ट. त्याच्या घरी लष्कर नवे नव्हते. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधले दिवस, पलटणीतले दोस्त, सरहद्दीवरची थंडी हे सगळे त्याने लहानपणापासून ऐकलेले. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली सैनिक शाळा, १९६१ साली सुरू झालेली. तिथे त्याला प्रवेश मिळाला, तेव्हा वडिलांनी गावभर पेढे वाटले. पुढे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे आणि देहरादूनच्या भारतीय लष्करी अकादमीत एक वर्ष, असा प्रवास करून तो अधिकारी झाला.

सलाम कुणाला?

देहरादूनच्या अकादमीत जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोन वेळा दीक्षान्त संचलन होते. संचलन संपताना कॅडेट संथ पावले टाकत चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढतात आणि ‘अंतिम पग’ ओलांडतात. ती पायरी ओलांडली, की शिकाऊपण संपले. त्यानंतर आईवडील आपल्या मुलाच्या खांद्यावर तारे लावतात. पूर्वी नवा अधिकारी सेकंड लेफ्टनंट म्हणून एका ताऱ्याने सुरुवात करीत असे. आता तो हुद्दा राहिलेला नाही, सुरुवातच लेफ्टनंटच्या दोन ताऱ्यांनी होते.

या मुलाच्या एका खांद्यावर आईने तारे लावले, दुसऱ्या खांद्यावर वडिलांनी. आईचे डोळे भरून आले होते, तिला तारा नीट बसवता येईना. तारे लावून झाले आणि वडील दोन पावले मागे सरले. कोटावर पदके, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी टाचा जुळवल्या आणि मुलाला कडक सलाम केला.

मुलगा गोंधळला. ज्यांच्या पाया पडायचे, त्यांनी आपल्याला सलाम करायचा? त्याने सलाम परत केला खरा, पण लगेच टोपी काढून तो वडिलांच्या पायांशी वाकला. वडील हळू आवाजात म्हणाले, “अरे, घाबरू नकोस. हा तुला नव्हता. खांद्यावरच्याला होता.”

वडिलांचे बोलणे लष्करी रिवाजाला धरूनच होते. अधिकाऱ्याला केलेला सलाम त्याच्या व्यक्तीला नसतो. राष्ट्रपतींनी त्याला जी सनद दिलेली असते, तिला तो असतो. सनद म्हणजे देशाने एका तरुण माणसावर टाकलेला विश्वास. त्या विश्वासाला तो पात्र आहे की नाही, हे अजून सिद्ध झालेले नसते. थोडक्यात, त्याला मिळालेला मान हा उसना असतो. उसने घेतलेले फेडावे लागते, हे काही मराठी घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. फक्त हे कर्ज कसे फेडायचे, ते कुठल्या पुस्तकात दिलेले नसते.

दोघांच्याही खांद्यावर दोन तारे

त्याची नेमणूक गढवाल रायफल्सच्या एका पलटणीत झाली. सगळा जन्म सह्याद्रीच्या कुशीत गेलेला आणि आता भोवती पौडी, चमोली, टिहरीकडची हिमालयातली माणसे. भाषा निराळी, दैवत निराळे. ‘बद्री विशाल लाल की जय’ ही त्यांची युद्धघोषणा आता त्याचीही झाली. आपल्याकडे जी माणसे सोपवलेली आहेत, त्यांची बोली शिकायची, त्यांच्या देवळात त्यांच्याबरोबर उभे राहायचे, हा भारतीय लष्करातला जुना शिरस्ता आहे. तमीळ मुलगा शीख पलटणीत जातो तेव्हा पंजाबी शिकतो, पंजाबी मुलगा गोरखा पलटणीत जातो तेव्हा गोरखाली शिकतो.

सुरुवातीचे काही आठवडे त्याला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जागा मिळाली नाही. अनेक पलटणींत अशी पद्धत आहे, की नव्या अधिकाऱ्याने आधी जवानांच्या बराकीत राहायचे. लंगरमध्ये रांगेत उभे राहून ताट घ्यायचे, पहाटे त्यांच्याबरोबर पीटीला धावायचे, रात्री पहाऱ्यावर उभे राहायचे. त्याची झोपायची खाट दोन रायफलमनच्या मध्ये होती. एकदा एका जवानाच्या घरून आलेल्या पिठाची काळपट भाकरी त्याच्या ताटात पडली. तो तुकडा तोंडात टाकताच त्याला एकदम घर आठवले. ते लोक ज्याला मंडुवा म्हणत होते, ती आपली नाचणीच होती! आमच्या डोंगरातही हेच पिकते, असे त्याने सांगितल्यावर शेजारच्या खाटांवरची माणसे जरा सैलावली.

मग एके दिवशी तो प्लाटूनवर रुजू झाला. साधारण तीस-पस्तीस माणसे आणि त्यांचा सुभेदार. सुभेदारसाहेबांची लष्करातली नोकरीच या मुलाच्या वयापेक्षा थोडीशी जास्त होती. त्यांच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरले होते. गंमत अशी, की खांद्यावर दोघांच्याही दोनच तारे. सुभेदाराच्या ताऱ्यांखाली एक रंगीत पट्टी असते, एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. पण त्या पट्टीत मोठा इतिहास आहे. इंग्रजांच्या अमलात हिंदी माणसाला अधिकारपदाची दारे जवळजवळ बंदच होती. पलटणीतला गोरा साहेब आणि हिंदी शिपाई यांच्यामध्ये दुवा म्हणून सुभेदार, जमादार असत. १९३२ साली देहरादूनची अकादमी सुरू झाली आणि हिंदी तरुणांना आपल्याच देशात अधिकारी होण्याची वाट खुली झाली. पहिल्या तुकडीत चाळीसजण होते, पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्यांतलेच. स्वातंत्र्यानंतरही तो दुवा लष्कराने मोडला नाही. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे कनिष्ठ सनदी अधिकारी म्हणून आजही पलटणीचा कणा समजले जातात.

नियमाने लेफ्टनंट वरचा. अनुभवाने सुभेदार कितीतरी वरचा. ही अडचण लष्कराने एका शब्दात सोडवलेली आहे. सुभेदार लेफ्टनंटला ‘साब’ म्हणतो आणि लेफ्टनंटही सुभेदाराला ‘साब’च म्हणतो. दोघेही एकमेकांचे साहेब!

तरी पहिल्या सकाळी सुभेदारसाहेबांनी सलाम करून “जय हिंद साब, प्लाटून हाजिर है,” असे सांगितले, तेव्हा या मुलाला अगदी चोरट्यासारखे वाटले. समोरच्या माणसाच्या मिशा पांढऱ्या, छातीवर पदकांच्या फिती. आपल्या छातीवर काय? इस्त्री केलेला गणवेश, दुसरे काहीच नाही.

नावांची वही

अशा वेळी नवा अधिकारी दोन चुका करू शकतो. एकतर तो मान आपल्याच गुणांना मिळाला आहे असे समजून फुगतो. आवाज चढवतो, हुकूम सोडतो. नाहीतर त्या मानाने इतका अवघडतो, की सगळ्यांचा मित्र व्हायला जातो. पहिला जवानांच्या मनातून उतरतो. दुसरा त्यांच्या डोक्यावर ओझे होऊन बसतो, कारण कठीण वेळी त्यांना मित्र नको असतो, निर्णय घेणारा हवा असतो.

त्याने एका रविवारी घरी फोन लावला आणि वडिलांनाच विचारले, “तात्या, तुम्ही लोक नव्या साहेबाकडं काय बघायचा?”

तात्या हसले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका कॅप्टनसाहेबांच्या हाताखाली सहायक म्हणूनही काम केले होते. त्यांचे बूट चकचकीत केले होते, त्यांच्या चहाची वेळ सांभाळली होती. खालून वर पाहताना अधिकारी कसा दिसतो, हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

“चार गोष्टी बघायचो,” तात्या म्हणाले. “त्याला आमची नावं ठावूक हैत का? तो आमच्या आधी जेवतो का आमच्या मागून? चालताना पुढं असतो का मागं? आणि काय बिघडलं तर वर सांगताना आमच्यावर ढकलतो का स्वतःवर घेतो? बाकी त्याचं इंग्रजी कसं आहे आन् घोडा कसा चालवतो, त्याच्याशी आम्हाला काय करायचं?”

मुलाने फोन ठेवला आणि एक जाड वही काढली. प्रत्येक प्लाटून कमांडरने आपल्या माणसांची माहिती लिहून ठेवावी, अशी लष्करात शिस्तच आहे. नाव, गाव, घरी कोण, रक्तगट, कुठले प्रशिक्षण झाले. पण यादी कारकुनाकडून उतरवून घेणे निराळे आणि माणसाशेजारी बसून विचारणे निराळे. त्याने रोज संध्याकाळी दोघांशी बोलायचे ठरवले. तीन आठवड्यांत त्याला कळले, की एकाच्या बायकोला पाणी आणायला उतरंडीने मैलभर खाली जावे लागते. दुसऱ्याच्या जमिनीची भाऊबंदकी तहसील कचेरीत अडकली आहे. तिसऱ्याची आई आणि बायको यांचे पटत नाही आणि दोघीही त्यालाच फोन करून रडतात.

हा शेवटचा जवान चौतिशीचा होता. त्याने अगदी गंभीरपणे विचारले, “साब, क्या करूं?” लेफ्टनंटचे लग्नच काय, अजून मुलगी बघायलाही कुणी सुरुवात केली नव्हती! त्याने सासू-सुनेच्या भांडणावर काय सल्ला द्यावा? त्याने सल्ला दिला नाही. अर्धा तास ऐकून घेतले, एवढेच. पुढच्या आठवड्यात तो जवान स्वतःच सांगत आला, की दोघींशी बोललो, आता बरे आहे. जमिनीच्या प्रकरणात मात्र त्याने कंपनी कमांडरांच्या सहीने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र पाठवले आणि त्याचा पाठपुरावा केला. काही प्रश्न कागदाने सुटतात, काही नुसत्या कानाने, हे त्याला इथे कळले.

दिलेला शब्द

पण नाव पाठ झाले म्हणजे जबाबदारी कळली असे नव्हे. एका संध्याकाळी एक तरुण रायफलमन त्याच्यापुढे आला. गावी वडील आजारी, रजा हवी. मुलाचा रडवेला चेहरा पाहून लेफ्टनंट पटकन बोलून गेला, “परसों चले जाना.”

रजेचा अधिकार त्याचा नव्हता. शिवाय एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे रजेवर पाठवता येत नाहीत आणि ती संख्या भरलेली होती. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवले आणि शांतपणे विचारले, “कुणाची रजा रद्द करायची, ते तूच सांग.” त्याने नावे वाचली. एकाच्या बहिणीचे लग्न. एकाला मुलगा झालेला, त्याने अजून पाहिलेला नाही. प्रत्येक नावापुढे एक घर होते.

आता काय? शब्द मोडावा तर उद्यापासून या पोराचाच नव्हे, अख्ख्या प्लाटूनचा विश्वास उडणार. पाळावा तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातला घास काढायचा. तो रात्रभर तळमळला. सकाळी सुभेदारसाहेबांकडे गेला आणि काही न लपवता सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांची स्वतःची रजा मंजूर झालेली होती, मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी. ते म्हणाले, “साब, मैं दस दिन बाद चला जाऊंगा. लड़के को भेज दीजिए.” मेजरसाहेबांनीही त्या बदलाला मान्यता दिली.

लेफ्टनंटला आभार कसे मानावे कळेना. सुभेदारसाहेब दारापर्यंत गेले, वळले आणि अदबीने म्हणाले, “साब, एक अर्ज है. जुबान देने से पहले रजिस्टर देख लिया कीजिए.” मग त्यांनी नेहमीसारखाच सलाम केला.

सुभेदारसाहेब त्याला चारचौघांत बोलले नाहीत. प्लाटूनला त्यांनी सांगितले, की साहेबांनी सोय केली आहे. म्हाताऱ्या माणसाने तरुण अधिकाऱ्याची अब्रू झाकली आणि त्याला धडाही दिला. कुणाला खूश करण्यासाठी दिलेला शब्द दुसऱ्याच्या खिशातून फेडावा लागतो, हा तो धडा. घराघरांतून मोठी माणसे नव्या सुनेला, नव्या जावयाला असेच सांभाळून घेत असतात. फरक एवढाच, की इथे सांभाळणारा हुद्द्याने खालचा होता.

‘जैसा साब का हुकुम’

हिवाळ्यात पलटण उंचावरच्या ठाण्यांवर गेली. एका पहाटे चौदा माणसे घेऊन त्याला एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जायचे होते. वाटेत एक बर्फाचा उतार आडवा कापायचा होता. असे उतार उन्हे चढायच्या आत पार करायचे असतात. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतो, ऊन लागले की तो सैल होतो आणि अख्खा उतार घसरू शकतो. पण त्या दिवशी धुके पडले. निघायला उशीर झाला. उतारापाशी पोचले, तेव्हा सूर्य चांगला वर आला होता.

पलीकडचे ठाणे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. जेमतेम तासाभराची चाल. तिथे शेगडी होती, गरम जेवण होते. इकडे थांबायचे तर उघड्यावर, खडकांच्या आडोशाला, दुसऱ्या पहाटेपर्यंत. त्याने हवालदाराला विचारले, “काय करावे?” हवालदार सावधान उभा राहून म्हणाला, “जैसा साब का हुकुम.”

मानाची दुसरी बाजू त्याला त्या क्षणी दिसली. इतके महिने जो आदर अंगावर नव्या कोटासारखा वाटत होता, तो आता भिंतीसारखा वाटला. चौदा माणसे त्याच्याकडे पाहत होती. तो ‘चला’ म्हणाला असता, तर ती निमूटपणे चालली असती. काही झाले असते, तर त्या वहीतल्या पत्त्यांवर पत्रे त्यालाच लिहावी लागली असती. त्या वहीतली पाण्याची वाट, तहसील कचेरी, सासू-सून सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले.

त्याने प्रश्न बदलला. चमोलीकडचा एक रायफलमन होता, लहानपणी मेंढरांमागे हिंडलेला. त्याला त्याने विचारले, “भुला, तुझ्या गावात या वेळी असल्या उतारावरून मेंढरे नेतात का?” भुला म्हणजे गढवालीत धाकटा भाऊ. तो पोरगा घटकाभर उताराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “नहीं साब. धूप लगने के बाद नहीं.”

“थांबायचे,” लेफ्टनंट म्हणाला. वायरलेसवर मेजरसाहेबांनी उशिराचे कारण विचारले. धुक्याकडे किंवा हवालदाराकडे बोट दाखवता आले असते. त्याने सांगितले, “निर्णय माझा आहे, सर.” रात्र वाईट गेली. चहा झाला, तेव्हा पहिला मग त्याच्याकडे आला, तो त्याने पुढे सरकवला. शेवटचा त्याच्या हाती आला, तोवर चहा कोमट झाला होता. पहाटेच्या काळोखात, कडक बर्फावरून, एकामागून एक, दोरीला धरून सगळे पलीकडे गेले. सर्वांत पुढे तो होता.

त्या दिवशी तो उतार कोसळला का? नाही, कोसळला नाही. कदाचित दुपारी गेले असते, तरी सगळे सुखरूप पोचले असते. आपला निर्णय बरोबर होता, याचा पुरावा त्याला कधीच मिळणार नाही. जबाबदारीचे हेच खरे स्वरूप असते. टळलेला अपघात कुणालाच दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, त्याला पदक नसते. पण त्यानंतर एक छोटासा बदल त्याला जाणवला. पूर्वी माणसे त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत. आता न विचारताही सांगू लागली. “साब, वो रास्ता ठीक नहीं है,” असे हवालदार स्वतःहून म्हणाला, तेव्हा त्याला वाटले, आपल्या कर्जाचा पहिला हप्ता भरला गेला.

खालून वर गेलेली माणसे

हे कर्ज फार थोर रीतीने फेडणारी माणसेही आपल्या लष्करात होऊन गेली. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे १९४० साली साधे शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि उभारलेले अडथळे दूर करण्याचे काम त्यांच्यावर आले. जखमी असूनही, गोळीबारात, दिवसरात्र राबून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. हुकूम सोडणारा अधिकारी स्वतः जमिनीवर पालथा पडून सुरुंग काढतो, तेव्हा त्याच्या मागच्या माणसांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

आजही जवानांमधून निवडलेल्या होतकरू मुलांना आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते. मुलींसाठीही ही वाट आता रुंद झाली आहे. चेन्नईच्या अकादमीतून १९९३ पासून महिला अधिकारी बाहेर पडू लागल्या, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना कायम सनदेचा हक्क मिळाला आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. पंचविशीच्या आतली मुलगी पन्नाशीकडे झुकलेल्या सुभेदाराचा सलाम स्वीकारते, तेव्हा तिच्यापुढेही तोच प्रश्न असतो. हा मान आपण फेडणार कसा?

घरचा हुकूम

वर्षभराने लेफ्टनंट रजेवर गावी आला. एस.टी.च्या थांब्यावरच चार माणसे हार घेऊन उभी. शाळेच्या मुख्याध्यापकांनी भाषणाला बोलावले. ज्यांच्या शेतातल्या कैऱ्या त्याने लहानपणी पाडल्या होत्या, ते काका त्याला ‘साहेब’ म्हणून खुर्ची पुढे करू लागले. खांद्यावर तारे नसताना, साध्या सदऱ्यातही तो मान मागे लागला होता. त्याला तो पलटणीतल्या मानापेक्षा जास्त जड वाटला. तिथे निदान फेडायची सोय होती.

त्याची सुटका केली आईने. जेवण झाल्यावर तो सवयीने ताट तसेच ठेवून उठला. मेसमध्ये ताट उचलायला माणूस असतो. आई म्हणाली, “साहेब असशील तुझ्या पलटणीत. इथं आपलं ताट आपण उचलायचं.” तो हसत ताट घेऊन मोरीकडे गेला. तात्या मात्र सुपारी कातरता कातरता विचारत होते, ते निराळेच. “किती जण आहेत रे तुझ्याकडं? सगळ्यांची नावं येतात?” त्याने पस्तीसच्या पस्तीस नावे सांगितली, गावांसकट. तात्यांनी एकदाही मान वर केली नाही, पण अडकित्ता थांबवून ते शेवटच्या नावापर्यंत ऐकत होते.

आपल्या घरांतूनही असे उसने मान रोज दिले-घेतले जातात. थोरल्या मुलाला तो थोरला म्हणून, नव्या सुनेला ती घरची लक्ष्मी म्हणून, जावयाला तो जावई म्हणून. त्यांनी अजून काहीच केलेले नसते. आपण फक्त विश्वास टाकलेला असतो. काहीजण तो मान हक्काचा समजून मिरवतात, काही त्याच्या ओझ्याने वाकतात. शहाणी माणसे त्याची नोंद मनातल्या वहीत करतात आणि थोडे थोडे करून फेडत राहतात. कधी कुणाचे नाव लक्षात ठेवून, कधी कोमट झालेला चहा पिऊन, तर कधी बिघडलेले आपल्या अंगावर घेऊन.

आणि त्यांना सांभाळून घेणारे सुभेदारही घराघरांत असतात. ते चारचौघांत बोलत नाहीत, आपली रजा पुढे ढकलतात आणि जाता जाता अदबीने एवढेच सांगतात, की बाळ, शब्द देण्याआधी जरा रजिस्टर पाहत जा.